माळकऱ्यानं उदारमतवादी असू नये का?

बोरीकाठ

या मंचावर राजकारणाचा कुठलाही धागा उघडला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, "उदारमतवाद हा देव न मानणाऱ्यांचा उद्योग आहे." दुसरं, "श्रद्धाळू माणसाकडून स्वातंत्र्याची अपेक्षाच करू नका." ही वाक्यं बोलणारे दोन गट एकमेकांना पाण्यात पाहतात, पण धर्म आणि उदारमतवाद यांचं जमूच शकत नाही, यावर मात्र त्यांचं एकमत. मी अमळनेर तालुक्यातला माळकरी. जमेल तेव्हा आषाढीला पायी जातो, आणि राजकीय विचारानं उदारमतवादी, म्हणजे एकट्या माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा, आहे. मला यात कुठेही ओढाताण वाटत नाही. का, ते सविस्तर मांडतो.

आपल्या धुळ्यापासूनच सुरुवात करू. १८७९ साली महादेव गोविंद रानड्यांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस. पुण्याच्या शिकलेल्या माणसांवर सरकारचा डोळा होता आणि रानड्यांची टपालानं येणारी पत्रंसुद्धा फोडून वाचली जात. हा माणूस एकीकडे महाराष्ट्रातल्या सनदशीर, उदारमतवादी राजकारणाचा पाया घालणारा, आणि दुसरीकडे १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाचा आधार, तुकोबांचे अभंग म्हणताना गहिवरणारा. या दोन गोष्टी त्यांच्यात शेजारीशेजारी नांदत होत्या असं नाही, एकीतून दुसरी निघत होती. माणसाची सदसद्विवेकबुद्धी देवानं दिलेली असेल, तर तिच्यावर राजाची हुकमत चालू नये आणि धर्मपीठाचीही चालू नये, असा तो विचार आहे.

युरोपातही हेच दिसतं. जॉन लॉकनं १६८९ मध्ये सहिष्णुतेवर जे पत्र छापलं त्यातला मूळ मुद्दा भाविकाचा आहे. धाकानं माणूस तोंडानं होकार देईल, पण मनापासून मानणार नाही, आणि वरवरच्या मानण्यानं देव काही प्रसन्न होत नाही. म्हणून आत्म्याच्या उद्धाराचं काम राज्यकर्त्यानं अंगावर घेऊच नये. पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १७८६ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या मागे जेफर्सनसारखे बुद्धिवादी होते तसे बाप्टिस्ट पंथाचे कडवे भाविकही होते. सरकारमान्य चर्चनं त्यांच्या उपदेशकांना तुरुंग दाखवला होता. सरकार धर्मात शिरलं की पहिला मार धर्मातल्याच दुबळ्या पंथाला बसतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

आता परत धुळ्याला. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय ते कैद्यांना सांगत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. या प्रवचनांकडे आपण भक्तीनं पाहतो, पण मला त्यातली राजकीय बाजू फार महत्त्वाची वाटते. सरकारनं या माणसांना राजकारणासाठी डांबलं होतं, आणि तेच सरकार त्यांना गीता सांगायला आडकाठी करत नव्हतं. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातच म्हटलं होतं की प्रजेच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. म्हणजे पूजेची मोकळीक पूर्ण आणि नागरिक म्हणून हक्क शून्य. शिवाय त्या मोकळिकीत जातीचे निर्बंधही सुखरूप राहिले, कारण तेही 'धर्म' या सदरात मोडत. नुसतं धर्मस्वातंत्र्य म्हणजे उदारमतवाद नव्हे, हे मला त्या तुरुंगाच्या गोष्टीतून नीट उमगलं.

मग उदारमतवाद कुठे सुरू होतो? त्याच साने गुरुजींनी, जे १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण मांडलं आणि १० मे ला विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं होणार असं ठरल्यावर ते सोडलं. देव मानणारा माणूस देवाच्या दाराशी, देवाच्याच नावानं, समान हक्क मागत होता. माझ्या मते उदारमतवाद तिथे सुरू होतो जिथे भाविक आपल्याच धर्माच्या सत्तेपुढे एकट्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो. चर्चा व्हावी.

पांझरा

भाऊ, मांडणी मनापासूनची आहे, पण तुम्ही निवडक माणसं घेतलीत. ज्या लॉकचं कौतुक केलंत त्यानंच त्या पत्रात लिहिलंय की देव न मानणाऱ्यांना सहन करू नये, कारण त्यांच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा? कॅथलिकांनाही त्यानं जवळपास बाहेरच ठेवलं. म्हणजे भाविकाची सहिष्णुता दुसऱ्या भाविकाच्या दारापर्यंत जाते आणि माझ्यासारख्याच्या दाराशी थांबते. पोप नववा पायस यानं १८६४ साली जी 'चुकांची यादी' काढली, तिच्यात उदारमतवादाशी जुळवून घेण्याची कल्पनाच चूक ठरवली होती. कॅथलिक चर्चनं धर्मस्वातंत्र्याचा हक्क मान्य केला १९६५ मध्ये. शंभर वर्षं लागली, आणि मधल्या काळात जग चर्चबाहेरच्या माणसांनी बदललं.

रानड्यांचंच घ्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या थोर माणसानं पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं तेव्हा त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. मी त्यांना लहान करत नाही. त्या माणसाची उंची मला ठाऊक आहे. पण आतून सुधारणा करू पाहणाऱ्याला समाज शेवटी कुठे वाकवतो, ते यातून दिसतं. बुद्धिवादी सुधारक आगरकर वाकले नाहीत. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली तरी नाही. बुद्धीला जे पटेल तेवढंच मानायचं, हे ठरवलेला माणूस अशा वेळी खंबीर राहतो.

आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा? मुलीशी शरीरसंबंध ठेवण्याचं किमान वय दहावरून बारा करायचं होतं. एवढ्यासाठी केवढा गदारोळ! विरोधकांची ढाल कोणती होती, तर 'परक्या सरकारनं आमच्या धर्मात पडू नये'. स्वातंत्र्याची भाषा अशी मुलींच्या जिवावर वापरली गेली.

आखाजी

पांझरादादा, शेवटच्या ओळीबद्दल खरंच धन्यवाद. धर्म आणि स्वातंत्र्य यांची चर्चा करताना आपल्याकडे बाईचं नाव फार उशिरा निघतं.

माझं माहेर एरंडोलकडचं. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. नैवेद्याचा रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही. आता कोणी म्हणेल, हा भेदभाव आहे, सरकारनं लक्ष घालावं. मी म्हणेन, अजिबात नको. कोणत्या घरात कोणता नैवेद्य कोणी खावा, हा त्या घराचा प्रश्न. त्यानं शेजाऱ्याचा कोणताही हक्क जात नाही.

पण त्याच रात्री माझी विधवा चुलती दाराआड उभी राहून गाणी सांगायची. तिला सगळी गाणी पाठ, म्हणून तिच्याकडून ओळी विचारून घ्यायच्या आणि आरतीला मात्र तिनं पुढे यायचं नाही. कोणी तिला हाकलत नव्हतं. ती स्वतःच मागे राहायची, आणि सगळे म्हणायचे 'तिची मर्जी'. ही मर्जी तिच्यात कुठून आली, हा प्रश्न बोरीकाठभाऊंच्या मांडणीत सुटलाय. तुम्ही म्हणता भाविक आपल्या धर्माच्या सत्तेपुढे उभा राहतो. पण ज्या बाईला घडवतानाच उभं राहायला शिकवलं नाही, तिचं काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. दंड नाही, शिक्षा नाही. ठराव फक्त एवढंच म्हणतो की हे गावाला मान्य नाही. माझ्या चुलतीच्या वेळी गावानं एवढं म्हटलं असतं तर ती कदाचित दोन पावलं पुढे आली असती. उदारमतवाद म्हणजे सरकारनं हात आखडून बसायचं, एवढाच अर्थ घेतला तर बायकांच्या वाट्याला काही येत नाही.

चांगदेव

आखाजीताईंच्या प्रतिसादाला +१. आम्हना गावमा बी हाईच शे. बाकी वाचतोय.

बोरीकाठ

आखाजीताई, तुमचा मुद्दा माझ्या मांडणीपेक्षा खोल आहे. माणसाला नकार देता येण्याआधी 'मला नकार देता येतो' हे कळावं लागतं, आणि ते शिकवणारं कोणी तरी लागतं. शाळा, ठराव, शेजारीण, कोणीही. हेरवाडसारखा ठराव मला म्हणूनच बळजबरी वाटत नाही.

पांझरादादा, लॉकनं नास्तिकांना वगळलं ही त्याच्या विचाराची उणीव खरीच. पण त्याचाच मुद्दा त्याच्यावर उलटवता येतो. धाकानं विश्वास येत नाही हे खरं असेल तर नास्तिकालाही धाकानं भाविक करता येणार नाही. आणि जोतीराव फुल्यांना काय म्हणाल? त्यांनी निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानला, सगळी भटशाही झुगारली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात एका कुटुंबाची कल्पना आहे. आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकाच घरात एकमेकांचा द्वेष न करता राहायचं. आपल्या आजच्या कायद्यातही एवढी हिंमत नाही. हे लिहिणारा माणूस देव मानणारा होता.

गिरणाथडी

चर्चा मोठी आहे, मी एक साधी गोष्ट विचारतो. आमच्या गावात हरिनाम सप्ताहासाठी घरटी वर्गणी ठरते. यंदा बैठकीत ठरलं की जे देणार नाहीत त्यांची नावं भोंग्यावरून वाचायची, आणि त्यांच्या घरच्या कार्याला कोणी जायचं नाही. न देणाऱ्यांत एक घर दुसऱ्या पंथात गेलेलं आहे, आणि एका घराचं कापसाचं पीक बोंडअळीनं गेलं. मी स्वतः सप्ताहात वीणा धरतो. मला हे पटलं नाही, पण बैठकीत बोलायला शब्द सापडले नाहीत. उदारमतवाद यावर काय सांगतो? आणि कायदा काय सांगतो?

काळा कोट

गिरणाथडीभाऊ, कायद्याचं मी सांगतो. जळगावात वकिली करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

'कार्याला कोणी जायचं नाही' हा ठराव सरळ सामाजिक बहिष्कार आहे. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्यावर बहिष्कार पडला तो किंवा त्याच्या घरचा माणूस पोलिसांकडे जाऊ शकतो, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतो. वर्गणीबद्दल म्हणाल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धार्मिक उत्सवासाठी लोकांकडून पैसे जमवायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गावोगावच्या मंडळांना हे ठाऊक नसतं किंवा ठाऊक असून सोडून दिलेलं असतं. सक्ती करण्याची परवानगी तर कोणालाच मिळत नाही. बैठकीत हे दोन कायदे शांतपणे सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. गुन्हा दाखल करण्यापर्यंत गेलं तर त्या दोन घरांना गावात राहणं आणखी जड होतं, हेही माझ्या पाहण्यात आहे.

आता मूळ चर्चेकडे, कारण या कायद्याच्या मागे मोठी गोष्ट आहे. मुंबई राज्यानं १९४९ साली वाळीत टाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. मुसलमानांतल्या दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. कारण असं की समाजातून माणसाला काढून टाकणं हा त्या पंथाच्या धर्मव्यवहाराचा भाग आहे, आणि राज्यघटनेचं कलम २६ पंथांना आपला धर्मव्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क देतं. या एका खटल्यात उदारमतवादाची सगळी कोंडी दिसते. कलम २५ प्रत्येक माणसाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. कलम २६ समूहाला स्वातंत्र्य देतं. समूहानं त्या माणसालाच बाहेर काढलं तर कोणाचं स्वातंत्र्य मोठं? २०२३ मध्ये घटनापीठानं १९६२ च्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

माझं मत सांगतो. कलम २५ ची सुरुवातच पाहा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून, आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींना अधीन राहून, 'सर्व व्यक्तींना' हा हक्क आहे. आधी व्यक्ती आली, पंथ नंतर. त्याच कलमात हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिलाय, आणि कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. घटनाकारांनी धर्माला मान दिला, पण धर्माच्या नावानं माणसाला चिरडण्याची मुभा दिली नाही. पंथाला आपले सभासद ठरवू द्या, पूजा ठरवू द्या. पण वाळीत टाकलेल्याला दुकान, विहीर, दफनभूमी, लग्नसंबंध नाकारले की तो धर्मव्यवहार उरत नाही. ती सत्ता होते, आणि सत्तेवर कायद्याचा लगाम हवाच.

मेहरूण

काळा कोटभाऊंनी बोहरा खटला काढला म्हणून लिहितो. मी जळगावचा, मुसलमान, नमाजी. आमच्या शहरात कार्तिकी एकादशीचा श्रीरामाचा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीशी थांबतो, हे लहानपणापासून पाहिलंय. बाहेरचे लोक हे पाहून 'केवढा सलोखा' म्हणतात. मलाही त्याचा अभिमान आहे. पण माझ्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही.

समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकविरुद्ध. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. समाजातून किती विरोध झाला ते जाणकारांना ठाऊक आहे. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला २०१७ मध्ये. मधली पन्नास वर्षं माझ्यासारख्यांची कुचंबणा झाली आणि अजून होते. मी घरात म्हटलं की बायकांना हक्क द्या, तर घरचे म्हणतात तू त्यांची भाषा बोलतोस. बाहेर म्हटलं की आमच्या वस्तीलाही बरोबरीची वागणूक द्या, तर बाहेरचे म्हणतात आधी तुमच्या बायकांना हक्क द्या. दोन्ही मागण्या एकाच तत्त्वातून निघतात आणि मला त्या एकाच तोंडानं मागायच्या आहेत. उदारमतवादी म्हणवणाऱ्या मित्रांकडून एवढीच अपेक्षा की माझी एक मागणी उचलून दुसरी सोडून देऊ नका.

पांझरा

मेहरूणभाई, ही अपेक्षा माझ्यासारख्याकडून आहे आणि ती रास्त आहे.

सातपुडा

सगळं वाचलं. धडगावकडून लिहितोय. तुमच्या चर्चेत धर्म म्हणजे पोथी, पंथ, मंदिर, मशीद. आमच्याकडे धर्म म्हणजे डोंगर, धान्य, याहामोगी माता आणि काठी गावची होळी.

आमच्या भागात राजकीय जागृती भजनातून आली, हे बोरीकाठभाऊंच्या बाजूनं सांगतो. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडे गुला महाराजांच्या मागे हजारो आदिवासी जमायचे. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा. ज्या भिलाला सावकार आणि पाटील अरे-तुरे करत होते त्यानं दुसऱ्या भिलाला 'आप' म्हणायचं! समतेचा यापेक्षा सोपा धडा मी वाचलेला नाही. पुढे शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळांतूनच माणसं बांधली. त्याच माणसांनी १९७१-७२ च्या काळात सावकारांनी गिळलेल्या जमिनी परत मागितल्या आणि सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांच्या, मजुरीसाठी उभी राहिली. तिथे शहरातून आलेले डावे तरुण होते, जे देव मानत नव्हते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून 'महाराज' होते. भांडण देव आहे की नाही यावर झालं नाही.

आता दुसरी बाजू. स्वातंत्र्य म्हणजे आपला धर्म कोणता ते आपण सांगायचं, हेही आलं ना? ब्रिटिशांच्या जनगणनेत आमच्या श्रद्धेसाठी वेगळा रकाना होता. स्वातंत्र्यानंतर तो गेला. आता मोजणीदार दारात येतो आणि विचारल्याशिवाय एक नाव लिहून टाकतो. हिंदू विवाह कायदा आम्हांला आपोआप लागू होत नाही, असं तो कायदाच म्हणतो. लग्नाच्या वेळी आम्ही वेगळे आणि मोजणीच्या वेळी आम्ही त्यांचेच. कोणी येऊन सांगतो तुम्ही मुळात अमुक धर्माचे, दुसरा येऊन सांगतो तमुक व्हा. आमच्यातल्या कोणी स्वखुशीनं कोणताही धर्म घेतला तर त्याला कोणी अडवू नये असं मी मानतो. पण जो काहीच बदलत नाही, आजोबांचेच देव पुजतो, त्यालाही त्याचं नाव मिळावं. तुमचा उदारमतवाद एवढं देतो का?

पांझरा

सातपुडाभाऊ, तुमच्या प्रश्नापुढे आमची आस्तिक-नास्तिक चर्चा बाजूला ठेवावी लागेल. माझं उत्तर 'हो' आहे. शिवाय जनगणनेच्या अर्जात 'धर्म नाही' असं लिहिणाऱ्याचीही नोंद तशीच व्हावी, म्हणजे तुमची आणि माझी मागणी एकच झाली.

बोरीकाठभाऊ, तुमच्याशी माझा मतभेद मात्र राहतोच. श्रद्धेतून स्वातंत्र्य निघू शकतं हे गुला महाराजांवरून पटतं. पण ते टिकवायला श्रद्धा पुरत नाही, लिखित कायदा आणि बुद्धीनं चालणारं न्यायालय लागतं, हे काळा कोटभाऊंच्या प्रतिसादातून दिसतंय.

गिरणाथडी

काळा कोटभाऊ, धन्यवाद. रविवारी पुन्हा बैठक आहे. दोन्ही कायद्यांचा मराठी मजकूर छापून नेतो. गावचे कीर्तनकार महाराज माझ्या बाजूनं बोलायला तयार झालेत.

बोरीकाठ

पांझरादादा, कायदा लागतो हे मला मान्यच आहे. कीर्तनकार महाराज बैठकीत बोलतील त्यानं गाव ऐकेल, आणि नाही ऐकलं तर त्या दोन घरांच्या पाठीशी २०१६ चा कायदा असेल. मला दोन्ही हवेत, आणि कायद्यात माझ्या माळेला बाधा येईल असं काही मला दिसत नाही.

सातपुडाभाऊ, जनगणनेच्या रकान्याबद्दल या मंचावर स्वतंत्र धागा काढा. याहामोगीबद्दल आणि काठीच्या होळीबद्दल आम्हां तापीकाठच्या लोकांना फार थोडं ठाऊक आहे. मागणीच्या आधी तेही सविस्तर लिहा, मी पहिला वाचेन.

सातपुडा

काढतो. होळीपासून सुरुवात करतो, पाच दिवसांचे नेम पाळावे लागतात ते आधी सांगावं लागेल.